जळकोटचा आकाशी पलंग

सकाळपासून आमच्या गल्लीतून तिसरा टेम्पो गेला. तिन्ही टेम्पोंत नवे पलंग. प्लायवूडचे, उशाशी आरसा, खाली सामान कोंबायला खण, आणि वरून ते पारदर्शक प्लास्टिक, जे लोक पुढची पाच वर्षं काढत नाहीत. पलंगाशेजारी कपाट, कपाटाला टेकून नवरीकडचा एखादा मामा, उन्हानं तांबारलेला, एका हातानं कपाट धरलेला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरची टोपी. लातूरला वैशाख लागला. बाकीच्यांना तो बँडवरून कळतो, आंब्याच्या वासावरून कळतो, नळाला पाणी किती दिवसांनी आलं त्यावरून कळतो. मला टेम्पोवरून कळतो. कारण नवा पलंग ज्या घरात जातो त्या घरातला जुना बाहेर निघतो, आणि तो कुणाच्या हाती लागतो यावर माझा डोळा असतो.

मी जुने लोखंडी पलंग जमवते. हे सांगितलं की माणसं आधी माझ्याकडे बघतात आणि मग कीव आल्यासारखी माझ्या नवऱ्याकडे. नवऱ्याचं उत्तर पाठ आहे. "घरात माणसं दोन, पलंग नऊ. पाहुणे आले की सतरंजीवर झोपतात, कारण पलंगावर ही कुणाला झोपू देत नाही." हे साफ खोटं आहे. झोपू देते. झोपणाऱ्यानं आधी हातातलं कडं काढून ठेवावं आणि उशाच्या नक्षीला टॉवेल वाळत घालू नये, एवढंच म्हणते.

दरवर्षी या दिवसांत मी खुशीत असते. यंदा नव्हते. यंदा टेम्पोचा हॉर्न ऐकला की मी खिडकी लावून घ्यायचे. गेल्या वैशाखात जळकोटच्या एका म्हाताऱ्या बाईंना मी शब्द दिला होता, की तुमच्या पलंगाच्या रंगाला हात लावणार नाही. तो मी पंधरा दिवसांत मोडला. आणि वर्षानं, वैशाखातच, पलंग बघायला येईन असं त्या बाई म्हणाल्या होत्या.

मुळात माझा स्वभाव संशयी. तो मी लपवतही नाही. वजनमापे खात्यात एकवीस वर्षं नोकरी केली. डाळमिलपासून भाजीच्या गाड्यापर्यंत काटे तपासले. या नोकरीत माणूस दोन गोष्टी शिकतो. हसतमुख दुकानदार आधी तपासायचा. आणि "मॅडम, तेवढं सोडून बाकी काय बी बघा" असं कुणी म्हणालं की तेवढंच बघायचं. तागडीच्या पालथ्या बाजूला चिकटवलेली चिंच मी काढली आहे. वजनाच्या बुडातलं शिसं कोरून वर मेण भरलेलं नखानं ओळखलं आहे. आता निवृत्त झाले, तरी कलिंगडवाला "लालभडक निघंल, ताई" म्हणाला की मी कलिंगडाकडे नाही, त्याच्या हाताकडे बघते. नवरा म्हणतो, "ऊन पडलंय म्हटलं तरी तू अंगणात जाऊन हात लावून बघतेस." बघते. मग?

पलंगांच्या नादात हा स्वभाव कामी येतो, कारण त्या धंद्यात लबाडी फार. मोठ्या शहरांतल्या हॉटेलवाल्यांना जुन्या वस्तूंचं वेड लागल्यापासून नवे पलंग जुने करणारे कारागीर निघालेत. पाइप वेल्डिंगनं जोडायचा, महिनाभर मिठाचं पाणी मारून उन्हात टाकायचा, की झाला निजामाच्या काळातला. मी किल्लीनं दांडा वाजवते. पोकळ पाइप डबडब वाजतो. भरीव सळई खणकन वाजते आणि तो आवाज थोडा वेळ कानात राहतो. मग सांधे बघते. जुन्या पलंगाला वेल्डिंग नसतं. ठोकून बसवलेले रिवेट असतात आणि चारी कोपऱ्यांना बिडाच्या खोबणी, त्यांत बाजूच्या पट्ट्या वरून घट्ट बसवलेल्या. शेवटी पितळी बोंडांना लोहचुंबक. चिकटलं की समजायचं, वर पितळेचा मुलामा आणि आत लोखंड. इतर बायकांच्या पर्समध्ये टिकल्यांचं पाकीट असतं, माझ्या पर्समध्ये चुंबक असतं.

पण खरा पलंग हाती लागला ना, की मी पार विरघळते, हेही सांगितलं पाहिजे. नांदेडहून आणलेल्या एकाच्या उशाला वेलीची नक्षी आहे. लोहारानं तापलेली पट्टी हातानं वळवलीय, त्यामुळे डावीकडचं पान उजवीकडच्यापेक्षा थोडं जाड झालंय. कुणीतरी घाम पुसला असेल, तेवढ्यात ते पान निवलं असेल. दुसऱ्याला मच्छरदाणीचे चार उंच दांडे आहेत आणि पायांना इवलीशी बिडाची चाकं. वैशाखातल्या दुपारी फरशीवर पाणी शिंपडून पंखा लावावा आणि त्या थंड दांड्याला गाल टेकावा. बाहेर ऊन नुसतं रणरणत असतं. प्रत्येक पलंगाची कुरकुर वेगळी. मी डोळे मिटून सांगू शकते कोण कुठल्या पलंगावर बसलं ते. नवऱ्याला वाटतं हे त्याच्यावर पाळत ठेवण्यासाठी आहे.

पलंगच का, असं लोक विचारतात. माझी आई बिलोलीच्या सरकारी विश्रामगृहात झाडलोटीला होती. तिथे साहेब लोकांसाठी एक लोखंडी पलंग होता, हिरवा, पितळी बोंडांचा. शाळा सुटली की मी तिथे जाऊन दारात बसायचे. आई त्या पलंगाखाली पार आत वाकून झाडायची. कितीतरी वर्षं झाडलं तिनं. त्याच्या खालची एकेक फरशी तिला ठाऊक होती, पण वर ती कधी टेकली नाही. टेक, असं तिला कुणी म्हणालंही नाही. पुढे मीच साहेब होऊन त्या विश्रामगृहात मुक्कामाला गेले, तर तिथे सनमायका लावलेला दिवाण. जुन्या पलंगाचं काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं. आई तर त्याआधीच गेली होती. मला त्या दिवशी असा राग आला, असा राग आला, की मी जेवले नाही. राग कुणावर ते मात्र कळेना. तेव्हापासून हा नाद आहे.

पलंग विकणाऱ्याकडे पलंगापेक्षा मोठी गोष्ट असते, हा माझा अनुभव. "ह्या पलंगावर निजामाचा सुभेदार झोपला होता," हे मी इतक्या घरांत ऐकलंय की तो सुभेदार मराठवाड्यात फक्त झोपायलाच आला होता की काय असं वाटावं. कुणाची आजी ह्याच पलंगावर जन्मली, कुणाच्या आजोबांनी ह्याच्याखाली बंदूक लपवली. गोष्ट जितकी हळवी, तितका सांधा कच्चा. मी मान हलवत ऐकते आणि खाली वाकून वेल्डिंग शोधते.

तर गेल्या वैशाखात हमीदभाईंचा फोन आला. हे नांदेडचे भंगारवाले, माझे चार पलंग यांनीच आणून दिलेले. म्हणाले, "मॅडम, जळकोटला एक पलंग हाय. खालिस माल. मी गॅस कटर घेऊन गेलो व्हतो, तर म्हातारी म्हनली, कापनार असशील तर हात लावू नको. तुमी जाऊन बघा."

"आणि तुम्हाला काय त्यात?" मी विचारलं.

"मला काय नको. कापायचा जीव झाला न्हाई, बस्स."

भंगारवाल्याला काय नको म्हटल्यावर माझा संशय बळावलाच. तरी एसटीत बसले. उदगीरच्या पुढे खिडकीचा दांडा हाताला चटके देत होता. शेजारची बाई मांडीवर रुखवताची पेटी घेऊन बसली होती, आणि मी वाटभर विचार करत होते, की ह्या दोघांचं आपसांत ठरलेलं असणार.

त्या म्हातारीचं, शिवगंगाबाईंचं, घर नवं होतं, घरकुलातलं, दोन खोल्यांचं. पलंग दारातून आत जाईना म्हणून बाहेर पत्र्याखाली ठेवलेला. आकाशी रंगाचा. लांबूनच माझं काळीज लकाकलं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. बाई सत्तरीच्या पुढच्या, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, तरी दिसायचं अंधूकच. मुलगा पुण्याला कंपनीत, घरात त्या आणि नात. नात दीपाली तेव्हा उदगीरला कॉलेजात गेलेली होती.

त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मी सांगितलं. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघायची मला लहानपणापासून सवय आहे. त्यांच्या चेहऱ्यावर काही झालं नाही. त्यावर माझा विश्वास बसेना. चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मी दाराशी सरकून बघितलं, कप कुठून काढतात ते. फळीवरून काढला, त्यांच्या कपाशेजारचा. चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "उभ्या कामून? बसा की पलंगावर."

मी बसले. आईची आठवण आली. आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, ही बाई मला मऊ करतेय. वस्तूत खोट असणार. माझं हे असं आहे.

मग त्यांनी माझा हात धरला आणि उशाच्या रुंद पट्टीवर नेऊन टेकवला. "हितं बगा. लागतंय का बोटाला?"

रंगात एक खळगा होता.

"सुवर्णाचा अंगठा हाय. माझी सून. आमच्यात नवी सून आली की पलंगाला नवा रंग. तिला आवडंल तो. आन् रंग वला असतानाच तिनं अंगठा उमटवायचा. तवा पलंग तिचा झाला. सुवर्णानं आकाशी मागितला. चार वर्सं नांदली. पोर दोन वर्साची होती तवा गेली, कावीळ झाली. पोराला म्हनलं दुसरी कर, त्यानं केली न्हाई. मंग रंग बी झाला न्हाई." हे त्या अगदी कोरड्या आवाजात बोलल्या. "ह्या घरात पलंग ऱ्हात न्हाई आन् मला तो कापू द्यायचा न्हाई. तुमी ठिवनार म्हनता, म्हनून देते. रंगाला हात लावायचा न्हाई. तेवढं सोडून काय बी करा. वर्सानं वैशाखात येऊन बघून जाईन. दीपालीला दावायला आनीन."

मी शब्द दिला. तोंडानं दिला, मन "तेवढं सोडून" या दोन शब्दांपाशीच अडकलं होतं.

पलंग लातूरला आला. सळया भरीव, रिवेट अस्सल, बोंडं पितळी, खोबणी बिडाच्या. सगळ्या परीक्षांत पास. असा पलंग मी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. मग ही बाई तो देते कशी? फक्त त्या खळग्याभोवती रंग जाड होता, कडेला फुगलेला. भिंग लावून बघितलं. रंगारी चिरेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरतो तेव्हा अशीच कड राहते. माझं डोकं फिरलं. पट्टीला चीर आहे, तिच्यावर लांबी भरलीय, वरून रंग मारलाय, आणि कुणी खरवडू नये म्हणून मेलेल्या सुनेची गोष्ट रचलीय. मला ते इतकं स्वच्छ दिसलं, जसं तागडीखालची चिंच दिसते.

नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अगं, अंगठा आहे म्हणाल्या ना त्या?"

"म्हणाल्या. सुभेदार पण झोपला म्हणतात."

"निर्मला, एखादं माणूस खरं बोलत असेल, असं कधी वाटतच नाही का तुला?"

पंधरा दिवस त्या पलंगाभोवती नुसती घिरट्या घालत होते. येता-जाता बोट त्या खळग्यावर जायचं. अंगठ्याच्या रेषा लागतात का बघायचे. लागल्यासारख्या वाटायच्या, मग वाटायचं, सुचवलंय म्हणून लागतात. पुन्हा जायचे. नवरा नांदेडला भाचीच्या लग्नाला गेला होता त्या दुपारी मी रंग काढायच्या औषधाचा डबा उघडला. हातमोजे घातले. वाटीएवढ्या जागेवरच लावीन, चीर दिसली की थांबेन, असं ठरवलं. बाहेर कुणाची तरी वरात चालली होती आणि डीजेनं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. आकाशी रंग सुरकुतला, साईसारखा उचलला गेला. मी फडक्यानं पुसून घेतला.

खाली चीर नव्हती, लांबी नव्हती. हिरवा रंग होता, गुळगुळीत. आणि दोन बोटांच्या अंतरावर, त्या हिरव्यात, अंगठा. लहानसा, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचा असावा असा. आकाशी थरानं झाकून ठेवलेला, रेषान् रेष शाबूत. सुवर्णाच्या आधी त्या घरात सून होऊन कोण आली होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी फडकं उलगडून बघितलं. काय शोधत होते देव जाणे. निळा चिकट लगदा होता नुसता. मी खाली बसले आणि मोठमोठ्यानं रडले. वरातीत ते कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

वर्ष कसं गेलं ते मला विचारू नका. त्या पलंगावर मी चादर टाकून ठेवली. संग्रह बघायला कुणी आलं की आठच दाखवायचे. आम्ही जमवणारी माणसं लोखंडाच्या मागे असतो. रंग म्हणजे आम्हाला लोखंडावरचा मळ, तो काढला की खरी वस्तू दिसते असं आम्ही एकमेकांना सांगतो. ज्यांच्या घरात पलंग असतो त्यांचं सगळं त्या रंगातच असतं, हे मला साठीला आल्यावर कळलं, आणि तेही पुसून झाल्यावर. खोटं पकडता पकडता खरं समोर आलं तर ते ओळखायचं कसं, हे मला नोकरीत कुणी शिकवलंच नाही. खोटं नाही सापडलं की आम्ही शिक्का मारून पुढच्या दुकानी जायचो.

आणि यंदा, पहिला टेम्पो गेल्यावर आठवडाभरात, फोन आला. "बाई, दीपालीचं लगीन जमलं. पोर म्हनते, मायच्या अंगठ्याला अंगठा लावीन, मंगच हळद लावून घीन. आयतवारी येताव."

हमीदभाईंनी सांगितलं असेल का हिला? हा माझा पहिला विचार. मुद्दाम पोरीला घेऊन येतेय का, मला पकडायला? वास्तविक हमीदभाईंना काहीच माहीत नव्हतं. नवरा म्हणाला, "सरळ सांगून टाक." बरोबरच होतं त्याचं. पण त्या पोरीनं आईचं बोट कधी धरल्याचं तिला आठवत नसणार. हळदीच्या आधी तिला काय सांगू? तुझ्या आईची तेवढी एक खूण होती, ती मी फडक्यानं पुसली, कारण मला तुझी आजी लबाड वाटली?

नाही सांगायचं, असं मी ठरवलं. गंजगोलाईतल्या दुकानातून आकाशी ऑइल पेंट आणला. दुकानदारानं तीन डबे मिसळून जुन्याशी जुळणारा रंग केला. हिरव्यातला तो लहान अंगठा झाकताना हात अडखळला, पण झाकला. दोन दिवसांनी रंग घट्ट झाल्यावर माझा उजवा अंगठा दाबला. पहिला घसरला, दुसरा फार खोल गेला, तिसरा जमला. वाळल्यावर चहाचं पाणी आणि राख चोळून तो जुना केला. ज्या युक्त्यांसाठी मी लोकांना दारातून हाकललं होतं, त्या सगळ्या माझ्या हाताला पाठ होत्या. काम इतकं चोख झालं की मी तपासायला आले असते तर मीच पास केलं असतं. लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे, थोडा अभिमानही वाटला.

आयतवारी दोघी आल्या. दीपाली सडपातळ, उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधलेला. तो सोडला तर चेहरा अगदी पोरीचा. हातात मोबाईल. मी त्या मोबाईलकडेच बघत होते. हिच्याकडे जुन्या पलंगाचा फोटो असेल तर? ही दोन्ही जुळवून बघेल तर? सरबताचा ट्रे मी मुद्दाम त्या मोबाईलसमोर धरला. नवरा माझ्याकडे न बघता वर्तमानपत्र वाचत बसला होता, उलटं धरलं नव्हतं एवढंच.

शिवगंगाबाईंनी पलंगाभोवती हात फिरवत एक चक्कर मारली. बोंडं चाचपली, दांडे चाचपले. "बरा ठिवलाव," म्हणाल्या. मग उशाच्या पट्टीवर बोटं सरकत सरकत गेली आणि त्या जागी थांबली. अंगठ्याच्या खळग्यात त्यांचं बोट गेलं. वरून खाली, मग आडवं. पुन्हा आडवं. किती वेळ!

"हितं का, अव्वा?" दीपालीनं आजीला विचारलं, आणि त्यांनी काही म्हणायच्या आत त्यांच्या बोटाशेजारी स्वतःचा अंगठा आणून टेकवला. टेकवून तशीच पलंगावर बसली. डोळे मिटलेले. "केवढा मोठा हाय गं मायचा अंगठा," ती म्हणाली. "माझा सगळा बसतोय त्याच्यात. हाच हाय ना?"

म्हातारीनं चाचपत पोरीचा टेकवलेला अंगठा शोधला.

"हाव," त्या म्हणाल्या. "हाच."

पोर रडली नाही. पुष्कळ वेळ बसली, मग ओढणी सारखी करून उठली आणि मला वाकून नमस्कार करायला लागली. मी मागे सरले. "नको नको, मला नको," असं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "तुमी सांभाळलाव म्हनून." मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रिक्षानं बसस्टँडवर सोडायला गेले. उदगीरची गाडी लागली होती. शिवगंगाबाईंना खिडकीशी जागा मिळाली आणि दीपाली पाण्याची बाटली आणायला खाली उतरली. मी खिडकीखाली उभी होते. लग्नाला येईन, असं म्हणणार होते.

"बाई," त्या खिडकीतून वाकून, हळू आवाजात म्हणाल्या, "सुवर्णाच्या अंगठ्यावर विळ्याचा वण व्हता. आडवा. माहेरी ज्वारी काढताना लागलेला. रंगात बी उमटला व्हता. मी रोज हात फिरवायचे त्याच्यावरून."

भिंग लावून बघितलं होतं मी. फुगलेली कड बघितली, चीर शोधली, आणि तो वण माझ्या डोळ्यांसमोर असून दिसला नाही.

"कुनाचा हाय तो?" त्यांनी विचारलं.

"माझा."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला उभं राहता आलं असतं. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली, आणि गर्दीतून बाटली उंच धरून दीपाली धावत येताना दिसली.

"मग तुम्ही हाव कशाला म्हणालात?" मी विचारलं.

"पोर अंगठा लावून बसली व्हती की हो," शिवगंगाबाई म्हणाल्या. "मंग काय म्हनू?"